तिसऱ्या ओळीचा उपास

…टोकसुद्धा हिरवं. नयनानं ती सुई दोन बोटांत धरली, सोडली, पुन्हा धरली. स्प्रूसला पानं नसतात, सुया असतात, आणि आजारी स्प्रूसची सुई टोकाकडून पिवळी पडत येते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ही सुई गेल्या वर्षीची. थंडीच्या दिवसांत हिचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं होतं, नयनानं स्वतः पाहिलं होतं, आणि आता – ती वाकली, चष्मा कपाळावर ढकलला, डोळे बारीक केले – आता देठापासून टोकापर्यंत एकच रंग. हिरवा. ताजा, धडधडीत, कुणाला न विचारता आलेला हिरवा. शेजारची सुई तशीच. तिच्या शेजारचीही. "अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली आणि त्या गार खोलीत एकटीच हसली. वीतभर उंचीचं रोप ते. लहान मुलाच्या गालाला लावावा तसा तिनं त्याच्या फांदीला बोटाचा मागचा भाग लावला.

मग तिची नजर कुंडीवरच्या पट्टीकडे गेली. ओळ तिसरी.

हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, थोडा वेळ, काय करावं हे न कळून. तिसरी ओळ! तिसऱ्या ओळीनं हिरवं व्हायचंच नव्हतं मुळी. तिनं पिवळं राहायचं होतं, झालंच तर आणखी पिवळं पडायचं होतं. तेवढ्याचसाठी तर तिला मांडलं होतं.

बाहेर कतारचं ऊन सकाळीच काचेवर चढून बसलेलं आणि आत स्वेटर घालून काम करायचं, ही गंमत नयनाला वर्ष होत आलं तरी जुनी झाली नव्हती. लुसैलच्या पुढे, रास लफानकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे संशोधन केंद्र, त्यात ही गार खोली, आणि खोलीतल्या तीन लांबलचक बाकांवर युरोपातल्या एका डोंगरावरून, तिथल्याच मातीसकट आणलेली स्प्रूसची रोपं. आईला कराडला फोन करून पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "म्हणजे वाळवंटात गारठा विकत घेऊन त्यात हिमालयातली झाडं लावता? आणि त्याचा तुला पगार देतात?" देतात, आई. हिमालयातली नाहीत गं, पण… जाऊ दे. त्या डोंगराची गोष्ट सांगायला घेतली की नेमक्या आईच्या कुकरच्या शिट्ट्या होतात. गोष्ट तशी साधी होती. वर्षानुवर्षं त्या डोंगराच्या आसपास दगडी कोळसा जाळला, धुरातला गंधक ढगांत गेला, आंबट पाऊस होऊन खाली आला आणि जाताना मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं धुऊन घेऊन गेला. पुढे कायदे झाले, धूर थांबला, पाऊस निवळला. लोकांना वाटलं, सुटलो. पण माती आंबट ती आंबटच! तिचं ताट कुणीतरी खरवडून नेलं होतं आणि नंतर वाढायला कुणी आलंच नव्हतं. अख्खं जंगल पिवळ्या सुया घेऊन उभं… आणि इथं, या देशात, चुनखडीला काय तोटा? खाणीत दगड फोडताना उडणारी पूड, तीही मॅग्नेशियमवाली, जिला डोलोमाइट म्हणतात, ढिगांनी पडून असते. ती त्या मातीला मानवेल का? मानवली तर बर्फ पडायच्या आत हेलिकॉप्टरनं त्या डोंगरावर शिंपायची. एवढाच प्रश्न होता. म्हणून पहिल्या ओळीला थोडी पूड, दुसऱ्या ओळीला जास्त, आणि तिसऱ्या ओळीला काही नाही. तुलनेसाठी नुसतं पाणी.

आणि ती तिसरी ओळ हिरवी झाली होती. म्हणजे रविवारच्या कॉलवर ते जंगल सांभाळणारी डोंगरवाली माणसं आकडे पाहून काय म्हणणार? अरे वा, काहीच न देता बरी होतात की! मग कशाला ती पूड, कशाला हेलिकॉप्टर, राहू द्या जंगल आहे तसं… इथल्या एका बाकावरची हिरवळ तिकडचा सगळा उतार उपाशी ठेवणार होती. आणि मी इथं तिचे लाड करत बसलेय, नयना मनात म्हणाली, आणि तरी तिचं बोट त्या फांदीवरून निघेना.

तिनं कुंडी उचलली. काठाच्या आतल्या बाजूला, मातीला टेकून, पांढरी रेघ होती. बोट फिरवलं. बोटाला पूड लागली. पुढची कुंडी – रेघ. तिच्या पुढची – रेघ. टोकापर्यंत. एकही चुकलेली नाही, कुठं ढीग नाही, कुठं कमी नाही; ज्यानं कुणी हे केलं होतं त्याचा हात सराईत होता. असा हात या केंद्रात एकाच माणसाचा होता.

तो माणूस तेवढ्यात दार ढकलून आत आला. पोपटराव. डोक्याला माकडटोपी, अंगात कुठल्याशा धिप्पाड साहेबाचं जुनं जॅकेट, हातात झारी. मूळचे आटपाडीकडचे, माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत इथं माळीकामाला आलेले, बायको-मुलं तिकडे. पण विचारलं तर माळी म्हणून सांगत नसत. "गावात मी वाढपी," असं सांगत. लग्न असो, बारसं असो, देवाचा भंडारा असो, आमटीची बादली पोपटरावांच्याच हातात, आणि पंगतीतून ते असे सरकत की कुणाच्या ताटाला धक्का नाही, कुणाच्या अंगावर थेंब नाही. इथंही ते झारी घेऊन बाकाच्या कडेनं तसेच जात, कंबरेत वाकून, एकेका कुंडीपाशी क्षणभर थांबून. नयनाला ते बघायला फार आवडायचं. आज नाही आवडलं.

"पोपटराव, या ओळीत कुणी काही टाकलंय?"

"व्हय की." ते थांबलेसुद्धा नाहीत. "म्यांच."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. थोडी टाळाटाळ, थोडी उडवाउडवी अशी तिची अपेक्षा होती, त्यावर आपण कसा आवाज चढवायचा हेही तिनं मनात जुळवलं होतं, ते सगळं फुकट गेलं.

"काय टाकलंत?"

"तीच की पूड. त्या दोन वळींना घालताना बाकावर सांडती, ती झाडून डब्यात भरून ठिवतो. टाकून कशी द्यायची? मग चिमूट चिमूट हितं घातली." त्यांनी मान वाकडी करून रोपाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हिरवी झाली नव्हं? मी म्हनलंच हुतं!"

"मी सांगितलं होतं ना, या ओळीला काही द्यायचं नाही म्हणून?"

"सांगितलं हुतं." पोपटरावांनी झारी खाली ठेवली. "मॅडम, राग मानू नगा. पर एका पंगतीला बसवायचं, दोन रांगांना वाढायचं आन तिसऱ्या रांगेम्होरनं बादली झाकून न्यायची? हे काय मला जमायचं न्हाय. पंक्तिप्रपंच हाय ह्यो. तुमी शिकलेली मानसं, तुमच्यात चालत आसंल. माझा हात वळत न्हाय तसा."

"सगळ्यांना दिलीत?"

"येक बी सोडलं न्हाय. कुनाला कमीजास्त बी न्हाय." हे त्यांनी छाती काढून सांगितलं.

रागावायला हवं होतं. नयनानं तोंड उघडलंसुद्धा. "तुम्हाला कळतंय का काय झालंय?"

"काय झालं? जगली की."

जगली, हीच तर पंचाईत! ती बाहेर आली, काचेच्या दारामागं तिचा स्वेटर क्षणात नकोसा झाला, तो तिनं ओढून काढला, आणि पँट्रीत जाऊन कपभर करक, म्हणजे इथला दाट दूधवाला चहा, ओतून घेतला. पंक्तिप्रपंच म्हणे. तिच्याच नशिबी असा माळी यावा, जो रोपांना पाहुणे समजतो… आणि तेवढ्यात, चहाची वाफ चष्म्यावर चढता चढता, वीस-बावीस वर्षांपूर्वीची ती पंगत तिच्यासमोर बसली.

साताऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न. कार्यालयाच्या मागच्या अंगणात मांडलेली पंगत, जमिनीवर लांब सतरंजी, पत्रावळींना पाण्याचा हात फिरवलेला, आणि नवा परकर सावरत मांडी घालून बसलेली ती, वय आठ-नऊ. जिलबी येत होती. ती दिसण्याआधी तिचा वास आला होता, मग परात दिसली, मग परातीमागचा तो उंच वाढपी, घाईत, कुणाशी तरी मागं वळून बोलत… डावीकडच्या बाळ्याला दोन घातल्या, आणि बोलता बोलता पुढं सरकून उजवीकडच्या आत्याला दोन. मध्ये नयना. राहिलीच ती. काय करायचं असतं अशा वेळी? सगळी मुलं करतात तेच. ओरडायचं – इकडे वाढा! इकडे राहिलंय! दोन शब्द. तिच्या तोंडात ते आलेही होते. पण वाटलं, आपण मागितलं तर सगळे बघतील. वाटलं, येईल परत आपणहून. वाटलं, न आला तर बरंच, मग मला वाईट वाटून घेता येईल… आणि तिनं काय केलं, तर पत्रावळीवरच्या त्या रिकाम्या जागेवर हळूच डावा हात ठेवला. कुणाला दिसू नये म्हणून. हात ठेवूनच सगळं जेवली. आईनं नंतर विचारलं, जिलबी खाल्लीस का गं, तर म्हणाली, पोट भरलं होतं.

तेव्हापासून जमलंच ते. शाळेतल्या बाई म्हणायच्या, नयना फार समजूतदार, कधी काही मागत नाही. हॉस्टेलवर तिच्या वाट्याला खिडकीखालची, पाऊस आत येणारी खाट आली, चालली. इथं आली तर फ्लॅटमधली उन्हाच्या बाजूची खोली, चालली. चालतंय की! समजूतदारपणाचं एक बरं असतं, तो झाकायला एकच हात पुरतो. आणि गंमत बघा – चहाचा घोट घेता घेता तिला खुदकन हसूच आलं – ही उपाशी ओळ मांडायची वेळ आली तेव्हा किती सहज मांडली मी! पोपटरावांचा हात वळेना, माझा वळला. सवयीचा होता ना.

बरं, आता करायचं काय? कप खाली ठेवताना तिला एक वाट दिसली. गार खोलीच्या कोपऱ्यात काही रोपं राखीव ठेवलेली होती, चाचणीत न घेतलेली, पिवळीधमक. ती उचलून तिसऱ्या बाकावर मांडायची, पट्ट्या बदलायच्या, ही हिरवी कोपऱ्यात लोटायची. झालं! डोंगरवाल्यांना हवी तशी पिवळी ओळ दिसेल, पूड पास होईल, हेलिकॉप्टर उडेल, जंगल जेवेल, आणि पोपटरावांचं नावसुद्धा निघणार नाही. नाहीतर त्यांच्या कंपनीच्या कानावर गेलं की खलास, पुढच्या आठवड्यात विमानात बसवतील त्यांना. कुणाचं वाईट होत होतं यात? ती उठलीसुद्धा. गार खोलीच्या दारापर्यंत गेली, हँडलला हात लावला. काचेतून पोपटराव दिसत होते, तिसऱ्या ओळीला पाणी घालत, पुटपुटत, बहुतेक आग्रह करत.

आणि हात तिथंच राहिला. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या रोपांना इतके महिने वेगळा उजेड, वेगळं पाणी. त्यांचे आकडे घातले तर कुणीतरी, कधीतरी, डोकं असलेला माणूस ते पकडणार, आणि मग एक ओळ नाही, सगळी चाचणी केरात, आणि त्या डोंगरावर इथली पूड पुन्हा कधी कुणी जाऊ देणार नाही. हे झालं शहाणपणाचं कारण. खरं कारण दुसरंच होतं, आणि ते तिला हँडलवरचा स्वतःचा हात बघून कळलं. डावा हात. तेव्हा पत्रावळीच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला, तोच. नाही, नाही, नाही… पुरे झालं हे झाकणं, ती स्वतःशी म्हणाली आणि उलटी फिरली ती थेट विजयकुमार सरांच्या केबिनकडे, मध्ये विचार करायला वेळ मिळू नये म्हणून जवळजवळ पळत.

विजयकुमार सर सोलापूरचे. केंद्रात सगळ्यांशी इंग्रजी, नयनाशी मराठी, आणि चिडले की फक्त सोलापुरी. टेबलाच्या खणात शेंगाचटणीची बाटली, भिंतीवर त्या डोंगराचा मोठा फोटो, उतारभर पिवळी झाडं. तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सर ऐकत होते. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"अख्खी ओळ?"

"अख्खी."

"एक पण सोडलं नाही?"

"नाही सर. कमीजास्तसुद्धा नाही."

"अरे पण का?"

"ते म्हणाले, पंक्तिप्रपंच होतो."

सरांचा चेहरा आधी लाल झाला. मग ओठ आवळले गेले. मग त्यांनी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा नयनाला आधी वाटलं, आता हे फुटणार… आणि ते फुटलेच, पण हसण्यानं. "पंक्तिप्रपंच!" ते म्हणाले, "काय बे हे! आयुष्यभर कंट्रोल प्लॉट मांडतोय मी, हे कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं." मग एकदम गंभीर झाले. डेटा म्हणजे डेटा, हे त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांनी या वेळी म्हटलं नाही. न म्हणताच ते केबिनभर ऐकू आलं.

"चूक माझी आहे, सर," नयना म्हणाली. "देऊ नका एवढंच मी सांगितलं. का देऊ नका, ते सांगितलं नाही. त्यांच्या कंपनीला काही कळवू नका."

"ते बघू." सरांनी हात हलवला. "रविवारी डोंगरवाल्यांना मी स्वतः सांगतो. तिसरी ओळ बाद. राखीव रोपांचे आज आकडे घे आणि त्यांची नवी तिसरी ओळ मांड, पुन्हा पहिल्यापासून. बर्फाच्या आत निकाल लागला तर लागला, नाहीतर त्या जंगलाला अजून एक वर्ष तसंच काढावं लागेल. आणि नयना, पुन्हा ही गंमत झाली तर चाचणीच बंद करीन मी. तुझा माणूस, तू समजाव."

"आणि ही जुनी ओळ? हिरवी झालेली?"

"भट्टीत. परदेशची माती आहे, काम झालं की जाळून टाकायची, नियम ठाऊक आहे तुला. शेवटी सगळ्याच ओळी भट्टीत जायच्या, ही जरा आधी जाईल. पुढच्या आठवड्यात करू."

नियम तिला ठाऊक होता. तिनंच तर तो पाठ केला होता. तरी ती दारात घुटमळली, जिभेवर काहीतरी होतं, नक्की काय ते तिलाही कळत नव्हतं, आणि सरांनी "अजून काही?" म्हणून वर पाहिलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "नाही सर, काही नाही." झालं! आलाच हात पत्रावळीवर.

दुपारभर ती राखीव रोपांचे आकडे घेत बसली. मग कुंड्या उचलायची वेळ आली. पोपटरावांना तिनं सगळं सांगितलं, खुर्चीवर बसवून, पहिल्यापासून: धूर, आंबट पाऊस, खरवडलेलं ताट, हेलिकॉप्टर. त्यांनी मन लावून ऐकलं. इथली ओळ हिरवी झाली तर तिकडच्या जंगलाला कुणी पूड देणार नाही, हे ऐकल्यावर त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी म्यां हितं वाढलं आन तिकडं पंगतच मोडली?" ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की नयनाला वाटलं, सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

"अजून नाही मोडली. नवी ओळ मांडायची आहे. या पिवळ्या रोपांची. यांना मात्र खरंच काही द्यायचं नाही."

पोपटराव उठले, एका कुंडीपाशी गेले, दोन्ही हात तिच्याभोवती धरले, आणि तसेच सोडले. "समजलं मला सगळं. पटलं बी. पर माझ्याच्यानं हुनार न्हाय, मॅडम. रोज येकदा ह्यांच्याम्होरनं जायचं… मी दुसरीकडची बाग बगतो. हितं दुसरा मानूस घ्या."

दुसरा माणूस! दुसरा माणूस पाणी ओतेल आणि मोबाइल बघेल. नयना त्या पिवळ्या कुंड्यांकडं बघत उभी राहिली, आणि का कोण जाणे तिला पंगतीच्या कडेला, भिंतीला टेकून बसलेली आजोळची एक म्हातारी आठवली – सोमवार होता, सगळे लाडू खात होते, ती नुसतं पाण्याचं भांडं घेऊन सगळ्यांच्या गप्पांत बसली होती, आणि कुणालाही तिची दया आली नव्हती. उलट जाता-येता वाढपीच तिला हात जोडत होते.

"पोपटराव," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला पुरतं माहीत होतं की आपण या भल्या माणसाला गुंडाळतोय, "यांना आपण उपाशी ठेवत नाही. यांनी उपास धरलाय."

पोपटराव वळले. "आँ?"

"तिकडच्या जंगलासाठी. ही सगळी तिकडचीच ना? त्यांच्याच माणसांसाठी… त्यांच्याच झाडांसाठी उपास धरलाय यांनी."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. आता हसतील, तिला वाटलं, म्हणतील मॅडम, मी काय पोरगं आहे? पण त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, नीट, दोन्ही हातांनी. "मग आसं सांगायचं की पहिल्यांदाच! उपास धरलेल्याला कोन वाढतंय? बळंच घास घातला तर पाप लागंल." आणि पहिली कुंडी उचलून त्यांनी बाकावर ठेवलीसुद्धा. "पानी चालतं नव्हं?"

"पाणी चालतं."

"म्हंजी निर्जळी न्हाय. बेस झालं. कडक उपास ह्या वयात न्हाय झेपायचा." ते आता भराभर कुंड्या मांडत होते, वाकून, सरकत, एकसारखं अंतर ठेवून, त्यांच्या त्या जुन्या चालीत, आणि नयना समोरून हात लावत होती, आणि दोघांनाही बरं वाटत होतं. हिरवी झालेली जुनी ओळ त्यांनी बाजूच्या मोकळ्या बाकावर सरकवली. "ही जेवून उठली," पोपटराव म्हणाले, "ह्यांनी आता बाजूला बसून पान खावं." नयना मनापासून हसली. भट्टीचं तिनं सांगितलं नाही.

शेवटची कुंडी ठेवून पोपटरावांनी कंबर सरळ केली. "आन सुटायचा कवा?"

"काय?"

"उपास. धरला म्हंजी कवातरी सोडायचा आसतोय. कवा सोडायचा ह्यांनी?"

"दिवाळीला," नयना म्हणाली. पटकन, न थांबता, जिभेवर आलं ते.

"तुमच्या हातानं नव्हं?"

"हो. माझ्या हातानं."

"मग काय काळजी न्हाय," पोपटराव म्हणाले, आणि झारी भरायला निघून गेले.

खोलीत यंत्राची घरघर तेवढी राहिली. नयना तिसऱ्या ओळीसमोर उभी होती. पिवळी, शांत, समजूतदार रोपं. एकानंही काही मागितलं नव्हतं. दिवाळी… दिवाळीला चाचणी संपणार, आणि चाचणी संपली की भट्टी, सगळ्यांना, उपाशी असो की जेवलेलं. हे तिला माहीत असताना ती काय बोलून बसली होती? एका साध्या माणसाची समजूत काढायला चार शब्द वापरले, खोटे. आणि तो माणूस ते खरे धरून गेला, आणि आता मागं वळून बघावं तर ते खरेच झाले होते. खोट्या उपासाला खरं पारणं लागतं का? लागतं वाटतं. निदान तिला तरी आता दुसरं काही सुचत नव्हतं. सरांना विचारायला हवं, ही झाडं राखता येतील का. पुढच्या आठवड्याच्या आत, ही हिरवी ओळ भट्टीत जायच्या आत. कुंड्या बंद खोलीतच ठेवता येतील, माती बाहेर जाणार नाही, परवानगी वाढवून घेता येईल, कुणीतरी मागितली तर. कुणीतरी… आणि तिला आश्चर्य वाटलं, कारण छातीत जे धडधडत होतं ती भीती होतीच, पण तिच्यात परातीतून येणाऱ्या जिलबीचा वासही होता. मला हवंय हे. मला ही झाडं हवी आहेत. किती वर्षांनी काही हवं वाटलं मला!

ती बाहेर आली. पार्किंगमधून जैदनं, लुसैलला नेणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं, हॉर्न दिला. "मॅडम, यल्ला, चलो! सब बैठ गए!"

"एक मिनिट, जैदभाई!"

कॉरिडॉरच्या टोकाला सरांच्या केबिनचा दिवा अजून चालू होता. ती चालत गेली, दारासमोर थांबली. आत सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते, घाईत, पाठमोरे. तो वाढपीही तसाच पाठमोरा होता. नयनानं घसा साफ केला. "इकडे," ती म्हणाली, अगदी हळू, नुसतं कसं वाटतं ते बघायला. मग जरा मोठ्यानं, "इकडे राहिलंय," आणि तिचं तिलाच इतकं हसू आलं की तोंडावर हात ठेवावा लागला. मागं जैदनं पुन्हा हॉर्न वाजवला. तिनं तो तोंडावरचा हात काढला, डावाच होता, आणि दारावर टकटक करायला वर उचलला.